कम्युनिटी कॉलेजात रिस्टोरेटिव्ह जस्टिस शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे: एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या आणि पुन्हा शिकावंसं वाटणाऱ्या बायका, शाळेत सहायक म्हणून काम करणारे, बारावीनंतर थेट विद्यापीठात न गेलेली मुलं. फी आणि नियम कॅलिफोर्नियाचे दिले आहेत. दुसऱ्या राज्यात रक्कम वेगळी असेल, अभ्यासाचा गाभा मात्र तोच राहतो.

या विषयात नेमकं काय शिकवतात?

कोर्ट विचारतं: कुठला कायदा मोडला, कोणी मोडला, शिक्षा किती? रिस्टोरेटिव्ह जस्टिसमध्ये विचारायचं असतं: कोणाचं काय नुकसान झालं, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ते भरून काढायची जबाबदारी कोणाची? ही मांडणी या विषयाचे अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड झेर यांची. बहुतेक अभ्यासक्रमांची सुरुवात इथूनच होते.

मराठीत ‘पुनर्स्थापक न्याय’ असा शब्द अधूनमधून दिसतो, पण तो अजून रुळलेला नाही, म्हणून इथे इंग्रजी नावच ठेवलं आहे.

यात शिकवल्या जाणाऱ्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं ते दोघे मध्यस्थासमोर भेटतात. दुसरी फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स, तिच्यात दोघांची घरची माणसंही बसतात. तिसरी सर्कल. एखादी वस्तू हातोहात फिरते, ती ज्याच्या हातात असेल तोच बोलतो, बाकीचे ऐकतात. सर्कल सर्वांत सोपं दिसतं आणि नीट चालवायला सर्वांत अवघड जातं.

हे आलं कुठून?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं गाव आहे. १९७४ मध्ये तिथल्या दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली. मार्क यान्ट्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवलं की या दोघांनी त्या लोकांना प्रत्यक्ष जाऊन भेटावं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. दोघे दारोदार गेले, नुकसानीचा हिशेब झाला आणि भरपाई दिली गेली. पुढे १९७८ मध्ये इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये अमेरिकेतला असा पहिला कार्यक्रम सुरू झाला.

पण एवढंच सांगून थांबणारा अभ्यासक्रम अपुरा समजा. अमेरिकेतल्या मूळनिवासी नवाहो लोकांनी आपली पारंपरिक समेटाची पद्धत १९८२ मध्ये स्वतःच्या न्यायव्यवस्थेत आणली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्ह्यांसाठी फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आणली. तिथल्या मूळनिवासी माओरी मुलांना घरापासून, कुळापासून तोडलं जातंय, ही त्यामागची मोठी तक्रार होती. या पद्धती वापरताना त्या कोणाकडून आल्या हे सांगणं सौजन्याचं आहेच, शिवाय परीक्षेतही विचारलं जातं.

म्हणजे आपल्याकडच्या तंटामुक्त गावासारखंच ना?

मराठी विद्यार्थ्यांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो वर्गात जरूर मांडावा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. गावातले वाद गावातच मिटावेत, कोर्टाची पायरी चढावी लागू नये, ही त्यातली भावना या विषयाच्या जवळची आहे. फरक आहे तो दबावाचा. गावाला ‘तंटामुक्त’ म्हणून बक्षीस मिळणार असेल, तर तक्रार करणाऱ्यावरच ‘जाऊ दे ना आता’ असा जोर येऊ शकतो. रिस्टोरेटिव्ह जस्टिसमध्ये ज्याचं नुकसान झालं त्याने ‘नको’ म्हटलं की विषय संपला. कारणही विचारत नाहीत.

जातपंचायत तर अगदीच वेगळी गोष्ट. तिथे शिक्षाच मुळी माणसाला समाजाबाहेर टाकण्याची असते. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. इथे उद्देश बरोबर उलटा, चुकलेल्याला परत माणसांत घेण्याचा. लोकअदालतीत तडजोड होते, पण ती बहुतेक वेळा पैशांची आणि झटपट. तिच्यात दुखावलेल्या माणसाला ‘माझ्यावर काय गुजरलं’ हे सांगायची जागा फारशी नसते.

कम्युनिटी कॉलेजात हा विषय कुठल्या खात्यात शोधायचा?

स्वतंत्र खातं क्वचितच असतं. बहुतेकदा तो ‘ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’मध्ये सापडतो, कधी समाजशास्त्रात, कधी ‘पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीज’मध्ये. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये ‘रिस्टोरेटिव्ह’ एवढाच शब्द टाकून शोधा. खात्याच्या नावावर जाऊ नका.

मात्र खात्याप्रमाणे शिकवण्याचा सूर बदलतो. जस्टिस खात्यात पोलीस, प्रोबेशन आणि कोर्टाच्या अंगाने शिकवतात. समाजशास्त्रात तुरुंगांची संख्या, वंशभेद आणि गरिबी यांवर भर असतो. शाळेत काम करायचं असेल तर ज्यात वर्गातली सर्कल्स प्रत्यक्ष घ्यायला लावतात तो कोर्स निवडा.

किती युनिट, किती तास, किती पैसे?

एक कोर्स साधारण ३ युनिटचा असतो. ३ युनिट म्हणजे सत्रभरात वर्गातले सुमारे ५४ तास आणि घरच्या अभ्यासाचे सुमारे १०८. दोन्ही मिळून १६२. नोकरी किंवा लहान मूल सांभाळून पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या. या विषयात वाचन फार नसतं, पण दर आठवड्याला लिहायचं असतं आणि ते मनातून काढून लिहायचं असल्यामुळे वेळ खातं.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना दर युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे एक कोर्स १३८ डॉलर. आरोग्य फी, पार्किंग, पुस्तकं वेगळी. ६० युनिटची असोसिएट पदवी फक्त फीच्या हिशेबाने २,७६० डॉलरमध्ये होते. अनिवासी विद्यार्थ्याला मात्र दर युनिटला कित्येक पट जास्त मोजावे लागतात. त्यामुळे रहिवासी ठरण्यासाठी लागणारं एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालं आहे का, हे आधी तपासा. घरभाड्याचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न अशी कागदपत्रं लागतात. एच-४ वाल्यांची नेहमीची अडचण अशी की सगळे करार नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एकट्याच्या नावावर असतात. आल्या आल्या भाडेकरारात आणि बँकेच्या खात्यात दोघांची नावं घाला.

माझ्या व्हिसावर शिकता येईल का?

एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येतं, व्हिसा बदलावा लागत नाही. मुलं एच-४ वर असतील तर २१ वर्षं पूर्ण होताच तो दर्जा संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज त्याच्या बराच आधी हाती घ्या.

एफ-१ वर दर सत्राला किमान १२ युनिट घ्यावे लागतात, आणि त्या मोजणीत पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स धरला जातो. हा विषय बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनच असतो, त्यामुळे इथे गडबड होते. एफ-२ वर (एफ-१ वाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) जोडीदाराला अर्धवेळच शिकता येतं. केंद्राचं पेल ग्रँट (शिक्षणासाठीची आर्थिक मदत) अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसारख्या पात्र बिगर-नागरिकांसाठी आहे. एच-४, एफ-१ वर ते मिळत नाही.

वर्गात प्रत्यक्ष काय करायला लावतात?

पहिले काही आठवडे वाचन आणि चर्चा. मग रोलप्ले. नेहमीचा नमुना: सोळा वर्षांच्या मुलाने रात्री दुकानाची काच फोडली. एक विद्यार्थी दुकानदार होतो, एक मुलगा, एक मुलाची आई, एक शेजारी, एक फॅसिलिटेटर (संवाद चालवणारा). बाकीचे नोंदी घेतात.

फॅसिलिटेटरच्या हातात प्रश्नांचं एक छोटं कार्ड असतं. ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा इथे १९९१ च्या सुमारास पोलिसांच्या कॉन्फरन्समधून ही प्रश्नावली घडत गेली, आणि टेरी ओकॉनेल या पोलीस अधिकाऱ्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. नुकसान करणाऱ्याला विचारतात: काय झालं? त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? त्यानंतर काय वाटत राहिलं? याचा त्रास कोणाकोणाला झाला, कसा? हे नीट करायला काय करावं लागेल? दुकानदाराला विचारतात: हे कळलं तेव्हा मनात काय आलं? तेव्हापासून काय बदललं? यातलं सगळ्यात जड काय गेलं? आता काय व्हायला हवं असं वाटतं?

‘का केलंस?’ हा प्रश्न कार्डावर नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. ‘का’ विचारलं की माणूस सबब शोधतो किंवा गप्प बसतो. ‘मनात काय चाललं होतं’ विचारलं की तो आठवायला लागतो. आपल्या घरांत ‘का केलंस, बोल!’ हाच पहिला प्रश्न असतो, म्हणून मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडून तो हटकून निघतो. सवय मोडायला तीन-चार रोलप्ले लागतात.

सर्कलची तयारी किती करावी लागते?

लोक समजतात त्याच्या कितीतरी पट. सर्कल दीड-दोन तासांत संपतं, पण त्याआधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटावं लागतं, दर भेटीला तासभर तरी, आणि गंभीर प्रकरणात दोन-तीनदा. खुर्च्या मांडण्याआधीच सर्कलचं भवितव्य ठरलेलं असतं.

आधीच्या भेटीत तीन गोष्टी पक्क्या करायच्या. एक, नुकसान करणारा ‘मी केलं’ हे मान्य करतो का? नाकारत असेल तर सर्कल घ्यायचं नाही. कोणी केलं हे ठरवण्याची ही जागाच नाही. दोन, दोघेही खरंच मनाने तयार आहेत का, की कोणी ढकललंय? तीन, सोबत कोण येणार? एका बाजूला पाच माणसं आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई, असं कधीही होऊ देऊ नका.

बारकाव्यांकडेही लक्ष द्यायला शिकवतात. खुर्च्या ८ ते १२, मध्ये टेबल नाही. कोणी आलं नाही तर त्याची खुर्ची सुरू होण्याआधी उचलून ठेवायची, रिकामी खुर्ची सगळ्यांचं लक्ष खाते. ज्याचं नुकसान झालं त्याला दार दिसेल अशी जागा. दोन्ही बाजूंना यायच्या वेळा वेगळ्या द्यायच्या, १५-२० मिनिटांच्या अंतराने, आणि थांबायला खोल्याही वेगळ्या. दोन्ही घरं पार्किंगमध्येच समोरासमोर आली की आत बोलायचं ते बाहेरच फुटतं, तेही सर्वांत वाईट पद्धतीने.

नवशिक्याचं सर्वांत जास्त काय चुकतं?

शांतता सहन होत नाही. कोणी बोलेना की फॅसिलिटेटर घाईने मध्ये पडतो, आणि जे ओठांवर आलेलं असतं ते परत गिळलं जातं. मनात सावकाश वीसपर्यंत मोजा.

दुसरी चूक आईवडिलांना उत्तर देऊ देण्याची. ‘तो तसा नाही हो, संगतीने बिघडला’ हे वाक्य आलं की मुलगा सुटला. आईच्या हाती वस्तू येईल तेव्हा तिने जरूर बोलावं, मुलाच्या वेळी नाही. हेही तिला आधीच्या भेटीतच सांगायला हवं, सगळ्यांसमोर अडवलं तर तिचा अपमान होतो.

तिसरी चूक ढोबळ कराराची. ‘मी चांगलं वागेन’ हा करार नाही. तो असा लिहायचा: काचेचे २४० डॉलर झाले, त्यातले १२० मुलगा स्वतःच्या कमाईतून देईल, दर महिन्याच्या १ तारखेला २० डॉलर, सहा हप्ते. सहा शनिवार सकाळी ९ ते ११ दुकानात मदत करेल, पण दुकानदाराला तो तिथे हवा असेल तरच. हप्ता चुकला तर कोणाला फोन करायचा तेही लिहायचं. आणि ओझं बेतानेच ठेवायचं. भावनेच्या भरात मुलगा शंभर तास काम कबूल करतो, तिसऱ्या आठवड्यात येईनासा होतो, आणि दुकानदाराची दुसऱ्यांदा फसवणूक होते.

माफी मागायला लावतात का?

लावत नाहीत. मागायला लावलेली माफी समोरच्याला लगेच कळते आणि जखम आणखी चिघळते. पण माफीचं पत्र लिहिण्याचा सराव वर्गात होतो, आणि त्यात मराठी माणसाने स्वतःची भाषा जरा न्याहाळावी.

‘काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’ यांत केवढं अंतर आहे पाहा. आपण सहज म्हणतो: हातून चूक झाली, दगड लागला, पैसे गेले, असं होऊन गेलं. करणारा वाक्यातून नाहीसा होतो. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ यातही तेच, ‘असेल तर’ म्हणत समोरच्याच्या दुःखावर शंका घेतलेली. आधी मराठीत लिहून पाहा: मी काय केलं, त्याने तुमचं काय झालं, मी काय भरून देणार. प्रत्येक वाक्यात ‘मी’ किंवा ‘मला’ आहे का ते बघा आणि मगच इंग्रजीत उतरवा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून धास्तावलेल्यांनाही हा मार्ग उपयोगी पडतो.

प्रॅक्टिकमसाठी (प्रत्यक्ष जागी जाऊन करायच्या सरावासाठी) काय काय लागतं?

शाळेत किंवा बालसुधार केंद्रात जायचं तर बोटांचे ठसे (इथे त्याला लाइव्ह स्कॅन म्हणतात) आणि टीबीची तपासणी. निकाल यायला वेळ लागू शकतो, म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात करून टाका.

मूल काही सांगू लागण्याआधी एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगायची असते: इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण अत्याचाराबद्दल काही कळलं तर मला कळवावंच लागेल. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ज्यांच्यावर हे बंधन आहे त्यांनी लगेच फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा. तुमच्या प्रॅक्टिकममध्ये ते बंधन तुमच्यावर येतं का, हे शिक्षकांकडून पहिल्या दिवशीच विचारून घ्या. हे आधी न सांगता मुलाला बोलतं करणं म्हणजे त्याचा विश्वासघात.

व्हिसाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर मानधनही घेता येत नाही. एफ-१ वाल्यांनी कॉलेजबाहेर पाऊल टाकण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, काम बिनपगारी असलं तरी.

सर्कलमध्ये कबूल केलेलं कोर्टात वापरलं जातं का?

राज्यावर अवलंबून आहे. इलिनॉयने २०२१ मध्ये कायदा करून अशा बोलण्याला संरक्षण दिलं. सगळीकडे तसं नाही. प्रकरण कोर्टात असेल तर सरकारी वकिलाशी लेखी समजूत झाल्याशिवाय बसायचं नाही. मुलाच्या वकिलाला डावलून तर मुळीच नाही.

कुठल्या प्रकरणांत हे वापरू नये?

घरगुती हिंसा आणि पाठलाग यांत नवशिक्याने हात घालू नये. एकाच्या नजरेने दुसरी गप्प होत असेल तर सर्कलमध्येही ती गप्पच राहील, आणि घरी गेल्यावर बोलल्याची किंमत मोजेल. कॉलेजातल्या लैंगिक छळाच्या तक्रारींना टायटल नाइनचे (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याचे) नियम लागू होतात. २०२० च्या नियमांप्रमाणे अनौपचारिक तोडग्यासाठी औपचारिक तक्रार आणि दोघांची लेखी संमती लागते, तोडगा निघेपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं, आणि आरोप कर्मचाऱ्याने विद्यार्थ्याचा छळ केल्याचा असेल तर हा मार्ग बंद असतो.

याचा खरंच उपयोग होतो का?

समोरासमोरच्या कॉन्फरन्सवरचे १० प्रयोग एकत्र तपासणारा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण थोडं पण नक्की घटलं, मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसक गुन्ह्यांत जास्त, आणि ज्यांचं नुकसान झालं ते अधिक समाधानी होते. किरकोळ गुन्ह्यांपुरतंच हे ठीक, हा समज त्याने बराच ढळतो.

शाळांचं चित्र मिश्र आहे. पिट्सबर्गमधल्या ४४ शाळांचा रँड या संशोधन संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. निलंबनाचे दिवस कमी झाले, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. असे निष्कर्ष लपवणाऱ्या अभ्यासक्रमापासून सावध राहा.

नोकरी मिळते का?

नुसत्या सर्टिफिकेटवर क्वचित. फॅसिलिटेटरसाठी सर्वसाधारण सरकारी परवाना नसतो, त्यामुळे तुम्ही किती सर्कल्स कोणाच्या देखरेखीखाली घेतली हेच विचारलं जातं. त्याची तारीखवार वही पहिल्या दिवसापासून ठेवा, माणसांची नावं न घालता. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून सहावी ते बारावीच्या मुलांना केवळ उद्धटपणासाठी निलंबित करता येत नाही, म्हणून शाळांना अशी माणसं हवी असतात. मात्र समन्वयकाच्या जागेला बरेचदा चार वर्षांची पदवी मागतात. स्टेट युनिव्हर्सिटीत जायचा विचार असेल तर कोणता कोर्स तिथे धरला जातो ते असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहा.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काय विचारू?

शिकवणाऱ्यांनी स्वतः प्रकरणं हाताळली आहेत का? सत्रात प्रत्येकाला किमान दोनदा फॅसिलिटेटर व्हायला मिळतं का? तीस-चाळीस जणांच्या वर्गात बरेचदा मिळत नाही. प्रॅक्टिकमची जागा कॉलेज शोधून देतं की तुम्ही शोधायची? तुम्हीच शोधायची असेल तर नाव नोंदवण्याआधी जवळच्या शाळा जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करा. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होत असेल तर हा फोन मे महिन्यातच करा, उन्हाळी सुटीत तिथे उचलायला फारसं कोणी नसतं.